मेणावरची पिसं

१

पामच्या तेलाचं मेण म्हणजे लाडावलेलं पोर, असं मेणबाई म्हणायची. घाई केली की रुसलंच. दुसरं कुठलंही मेण साच्यात ओतावं, निवलं की काढावं, काम संपलं. ह्याचं तसं नाही. ह्याला कडकडीत तापवायचं, साचेसुद्धा आधी गरम करून घ्यायचे, ओतलं की दुलईत गुंडाळायचं आणि मग त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. सावकाश निवलं तर मेणबत्तीच्या अंगावर पांढरी पिसं उमटतात. एका पिसातून दुसरं फुटलेलं, दुसऱ्यातून तिसरं. कुणी कोरत नाही, कुणी रंगवत नाही. मेण आपलं आपण काढतं. आणि भरकन निवलं, तर मेणबत्ती होते, पण आंधळी. गुळगुळीत, कुठं तडा, कुठं खड्डा.

मेणबाई हे नाव तिला वन्संनी दिलं होतं आणि बघता बघता ते सगळ्या इमारतीत झालं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेलं, त्यामुळे आवाज असा खणखणीत की मध्ये दोन दारं लावलेली असली तरी शब्दन् शब्द पोचायचा. लग्न केलं नव्हतं. "रोज शेकडो नवऱ्यांची भांडणं कानांवर यायची, मग हौसच फिटली," असं सांगायच्या. नोकरी संपली तशा भावाकडे राहायला आल्या आणि पुढच्या खोलीतल्या खिडकीशी त्यांची खाट पडली.

थंडीच्या तोंडावर त्यांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात पडून राहिल्या. एका सकाळी डॉक्टर काही न बोलता भावाच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले, तेव्हा मेणबाई बाहेरच्या बाकावर बसून नवस बोलली. ह्यांना स्वतःच्या पायांनी घरी येऊ दे, माझ्या हातच्या मेणबत्त्यांची एक आख्खी ओळ तुझ्या दारी लावीन.

वन्सं आल्या. भावाचा हात झटकून जिना चढल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध थोडं आणि ऊब भरपूर, ह्यांना गारठा बाधता कामा नये. म्हणून त्यांच्या खाटेशी एक हीटर आला.

आता नवस फेडायचा होता. मेणबाईनं पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि त्यात मेणाचा डबा सोडला.

"काय शिजतंय गं आज?" पुढच्या खोलीतून आवाज आला.

"मेण, वन्सं."

"मग मीठ बेतानं घाल. गेल्या खेपेला तोंडाला लागलं होतं."

मेणबाई एकटीच स्वयंपाकघरात हसत उभी राहिली. देवानं हा आवाज घरात परत आणला, ह्याहून जास्त काही मागायचं तिच्या मनात नव्हतं.

२

पण थंडी हट्टाला पेटली होती. मेणबत्त्यांचं काम ती मागच्या खोलीत करायची. लांबट, उत्तरेकडची, भिंतीला फळ्या ठोकलेली खोली. उन्हाचं तोंड न पाहिलेली. साचे दुलईत गुंडाळले तरी निवायचे ते निवायचेच. पहिला घाणा आंधळा निघाला. दुसऱ्यात तडे. तिसऱ्याला तिनं घरातली होती नव्हती ती पांघरुणं घातली, तर बुडाशी दोन-चार पिसं आली आणि वर कोरं कपाळ.

आंधळी मेणबत्तीही देवाला चालली असती. हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

जेवण झालं की वन्सं भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपायच्या. त्या दुपारी मेणबाई त्यांचं पांघरूण सारखं करायला गेली. हीटरच्या तारा लालबुंद, खोली उबदार. तिच्या मनात आलं, एवढी तापलेली खोली लगेच थोडीच गार होणार आहे? थोडा वेळ नेला तर ह्यांना कळणारही नाही.

पाय न वाजवता चालणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दुपारी आपोआप आलं. वायर हातावर गुंडाळली, हीटर पोटाशी धरला, दार हलकेच लोटलं.

संध्याकाळी तिनं साचा उघडला. बुडापासून वातीपर्यंत पिसंच पिसं. उजेडात धरली तर जणू आतून कुणी फुंकर घालत होतं.

वन्सं जाग्या व्हायच्या आत हीटर जागेवर गेला होता. "खोली गार लागतेय गं जरा," त्या म्हणाल्या.

"आत्ताच बंद केला होता, वन्सं. फार तापला होता ना." हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज गेलं की ती स्वतःच दचकली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा. तिसऱ्या दुपारी तर ती वन्संच्या झोपेची वाट बघत दाराशी उभी होती. मेण उतू जाईल ह्या घाईत, आजारी बाईचे डोळे कधी मिटतात ते बघत. पुढे आठवलं की ह्याच उभ्या राहण्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

वरच्या मजल्यावरची शिवणवाली बटणं द्यायला आली आणि मेणबत्त्या बघून मटकन खाली बसली. "अगो बाई! ह्या हातानं केल्यास? दुकानात ठेवल्यास तर झुंबड उडेल."

नवरा छापखान्यातून आला तो शाईच्या हातांनीच एक उचलायला गेला, मग थबकला. "देव विचारेल हं, कुठल्या दुकानातून आणल्यास म्हणून. ताई, बघितलंस का?"

"दाखवेल तेव्हा बघेन," वन्सं म्हणाल्या. "कारागीर लोक बाबा, आपण काय बोलणार!"

मेणबाईचे कान तापले. कौतुकानं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

३

ओळ पुरी झाली. हीटर कायमचा पुढच्या खोलीत गेला. झालं गेलं संपलं. आता थंडी जरा ओसरली की मेणबत्त्या देवाच्या दारी न्यायच्या.

तोवर त्या सांभाळायला हव्या होत्या. पामच्या मेणाला एकदम गारठा लागला तर उभी चीर जाते. तिनं प्रत्येक मेणबत्ती मऊ फडक्यात गुंडाळली, ताटांत शेजारी शेजारी निजवली, ताटं खालच्या रुंद फळीवर ठेवली आणि वर दुलई घातली.

मग बरेच दिवस ती तिकडे फिरकली नाही. एका सकाळी शाल घट्ट लपेटून सहज बघायला गेली. खोलीत असा गारठा की फरशी मोज्यांतून चावत होती. तिनं दुलईखाली हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

आत गरम होतं.

तिनं एक मेणबत्ती काढून फडकं सोडलं. मांडीवर झोपलेल्या मुलाची पाठ लागते तेवढी ती ऊन होती.

असतं काही कारण, ती मनाशी म्हणाली. दुलई ऊब धरून ठेवते. पण दुलईला स्वतःची ऊब कुठली? भिंतीपलीकडे कुणाची चूल असेल. भिंतीला तळवा लावला; बर्फ. आपलेच हात गार आहेत म्हणून तसं वाटत असेल. तिनं मेणबत्ती गालाला लावली, मग ओठांना. ऊनच.

ती मेणबत्ती तिनं खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, चिमण्यांच्या पाण्याच्या वाटीशेजारी ठेवली आणि खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीतलं पाणी गोठून घट्ट झालं होतं, फक्त मेणबत्तीकडच्या बाजूला बोटभर पाणी हलत होतं.

तिनं ती परत दुलईखाली सारली. नवऱ्याला सांगायचं म्हणून ती पुढे आली सुद्धा. पण सांगायचं म्हटलं तर मेणबत्त्यांना पिसं आली कशी, इथून सुरुवात करावी लागली असती. ती चहा टाकायला वळली.

४

त्याच सुमारास वन्संचे पाय गार पडायला लागले.

"माझे पाय कुणी काढून बाहेर ठेवलेत का गं? बघ जरा खाटेखाली," त्या म्हणायच्या. मेणबाई हसायची आणि पाय हातांत घ्यायची, तर हसू तिथंच विरायचं. दगड. हीटर दिवसभर चालू, अंगावर तीन पांघरुणं, गरम पाण्याची पिशवी. पिशवी त्यांच्या पोटाशी ठेवली की भराभर निवायची.

डॉक्टर येऊन गेले. छाती साफ आहे, ताप नाही, नाडी ठीक. "वयोमान," ते म्हणाले आणि बॅग बंद केली.

नवऱ्यानं वायरमनला आणलं. त्यानं हीटर उलटापालटा केला, कपाळ पुसलं. "ह्यात काही दोष नाही, वहिनी. खोलीची भट्टी झालीय. मलाच घाम फुटलाय."

"तरी ताईला ऊब का नाही?" नवऱ्याचा आवाज चढला. वायरमन गेल्यावर तो खाटेच्या कडेवर बसला. "माझीच चूक. स्वस्तातला बघून घेतला. चार पैशांकडे बघत बसलो."

मेणबाई हातात कपबशी घेऊन उभी होती. आत्ता बोल, आत्ता बोल, असं तिचं मन ओरडत होतं. "अहो, तुम्ही नका मनाला लावून घेऊ," एवढंच ती म्हणाली. त्यानं कृतज्ञतेनं तिच्याकडे पाहिलं. ते बघणं तिला सोसवेना.

दुपारी ती वन्संच्या पायांना तेल लावायला बसली. नडगीवर कातडी कोरडी पडून पांढरी झाली होती. थंडीत पडतेच. तिनं तेल चोळलं. पांढरं गेलं नाही. तिनं दिवा जवळ ओढला. घोट्यापासून वर एक बारीक रेघ गेली होती, तिला दोन्हीकडे फाटे, फाट्यांना फाटे.

तिनं पांघरूण घाईनं ओढून घेतलं.

"झालं एवढ्यात?" वन्संनी विचारलं. मग वर छताकडे बघत म्हणाल्या, "मागच्या खोलीत कोपऱ्यातली फळी खिळ्यातून सुटलीय. पडेल हं एखाद्या दिवशी."

"तुम्ही कधी गेलात तिकडे?"

"मी कुठली जातेय? मला इथून न्हाणीघर गाठताना धाप लागते." त्यांनी डोळे मिटले. "डोळा लागला की मी तिथं असते बघ. वर काहीतरी जड, मऊ पांघरलेलं. आणि छान ऊब असते गं तिथं. जाग आली की पुन्हा हे."

मेणबाई मागच्या खोलीत गेली. कोपऱ्यातली फळी एका बाजूनं खिळ्यातून सुटून लोंबत होती.

५

तिच्या डोक्यात एकच विचार घर करून बसला. जे तिकडे गेलंय ते परत कसं आणायचं?

तिनं एक मेणबत्ती काढली. नवसाची मेणबत्ती घरात लावू नये हे तिला कळत होतं. पण आता तिला कुठल्या तोंडानं पावित्र्य सांभाळायचं होतं? भर दुपारी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, तिनं काडी ओढली.

ज्योत स्थिर झाली. पिसं आतून उजळली.

"मेणबाई!" पुढून हाक आली. किती दिवसांनी तो आवाज तसा खणखणीत! "अगं, ऊब आली गं! पायात मुंग्या येतायत. चहा टाक, आणि साखर मोजू नकोस कंजुसासारखी!"

तिनं चहा नेला तेव्हा वन्संचे गाल लाल झाले होते. त्यांनी एक पांघरूण लाथाडून खाली पाडलं होतं. शिवणवालीच्या चालण्याची नक्कल केली, एक्स्चेंजमधल्या साहेबाची गोष्ट सांगितली, ज्याला स्वतःच्याच घरचा नंबर आठवत नसे. मेणबाई हसत होती आणि तिचा एक कान स्वयंपाकघराकडे होता. मेणबत्ती किती उरली असेल? विझवावी का? विझवली तर? ती दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली.

गोष्ट शेवटाला आली होती. साहेबानं फोन उचलला आणि म्हणाला... वन्संचा शब्द तोंडातच राहिला. त्यांनी हळूच मेणबाईचं मनगट धरलं.

मनगटाभोवती लोखंडी कडं पडल्यासारखं तिला वाटलं. इतक्या गार त्या आधी कधीच नव्हत्या.

स्वयंपाकघरात ओट्यावर एक पातळ चकती उरली होती, आणि तीही निवली होती.

६

त्यानंतर तिनं एकही पेटवली नाही. ती दुलईकडे बघायची सुद्धा नाही. वन्सं आता फारशा बोलत नसत. एका दुपारी त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं.

"देवाकडे कधी नेतेस त्या?"

"नेईन. थंडी जरा..."

"थंडीचं निमित्त पुरे झालं. कबूल केलेलं असं घरात ठेवू नये."

मेणबाई मान खाली घालून बसली. त्या सगळ्या एकदम लावल्या तर काय होईल, आणि सगळ्या एकदम विझल्या की काय होईल, हे तिला दिसत होतं. तिला हुंदका फुटला. "वन्सं, मी तुमचा..."

"हीटर न्यायचीस. माहितीय."

मेणबाईनं झटकन मान वर केली.

"मी झोपलेली कुठं असायचे?" वन्सं म्हणाल्या. "तू दाराशी येऊन उभी राहायचीस ना, तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचे. तुला उगाच तिष्ठत का ठेवा? किती दिवसांनी तुझं काहीतरी तुझ्या मनासारखं होत होतं. पहिल्या दिवशीच हटकलं असतं, तर तू पुन्हा साच्याला हात लावला नसतास. एवढी मी ओळखते तुला."

"पण तुम्हाला गारठा..."

"होता खरा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतून गारवा थेट टाळूत उतरला. "म्हणून गुडघे पोटाशी घेऊन पडायचे."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ती धरणी दुभंगण्याची वाट बघत बसून राहिली. मग म्हणाली, "ओळीतली एक कमी आहे, वन्सं. तेवढी करते आणि नेते."

"कर. ह्या खेपेला तो हीटर राहू दे हं इथंच," वन्सं म्हणाल्या आणि डोळा मिचकावला.

तिनं शेवटचं मेण तापवलं, एक साचा गरम केला, ओतला. दुलई मेणबत्त्यांवर होती. ती काढायची तिची छाती झाली नाही. ती मागच्या खोलीत फरशीवर बसली, फळीकडे पाठ करून, म्हणजे दुलई दिसायला नको. साचा पोटाशी घेतला. स्वेटरची बटणं सोडून आत, अंगाला लावून धरला आणि शाल वरून गुंडाळली. सुरुवातीला चटका बसला. बसू दे, ती म्हणाली. वन्संची ऊब आपण घेतली, आता आपली जेवढी असेल तेवढी घे देवा, हिशेब तू कर. ती पुटपुटत राहिली. खिडकीतला उजेड राखाडी झाला. साचा निवेना, तिची बोटं मात्र गार पडत गेली, मग मनगटं, मग कोपर. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट, आत कुठंतरी प्रथमच हलकं वाटत होतं.

दात वाजायला लागले तेव्हा मागून कुणीतरी तिच्या खांद्यांवर दुलई घातली.

जड, मऊ, ऊन दुलई. आणि दुलईवरून दोन हात खांद्यांवर टेकले, थोपटायला लागले. वन्संच थोपटायच्या तसं, दोनदा हलके, एकदा जोरात. तिचे डोळे भरून आले. आल्या की चालत इथपर्यंत!

"कशाला उठलात, वन्सं?" ती म्हणाली. "धाप लागेल ना तुम्हाला."

"मेणबाई!" पुढच्या खोलीतून, दोन दारांपलीकडून, खणखणीत आवाज आला. "अगं, घाम आला मला! खरंच सांगते, घाम! हा हीटर बंद कर कुणीतरी. आणि तू तिकडे कुणाशी बोलतेस?"

खांद्यावरचे हात थांबले नव्हते. तिनं मान वळवली नाही. फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला उजव्या खांद्यावरची बोटं दिसली. लांब, पांढरी, आणि नखांपासून वर पिसांत पिसं फुटत गेलेली, शेवटच्या उजेडात आतून उजळलेली.

पुढे वन्सं हसत होत्या. खाट करकरली, त्या उठून बसल्या असाव्यात.

"मेणबाई? कोण आहे गं तिथं?"

एवढं सगळं पोटात घातलेल्या त्या बाईशी आता तरी खरं बोलावं, असं तिला फार वाटलं. तिनं तोंड उघडलं.

"कुणी नाही, वन्सं," ती म्हणाली.

हातांनी दुलई तिच्या हनुवटीपर्यंत वर ओढली आणि कडा नीट खोचून दिल्या.